टेबलावरचे दोन ठोके

...नाही रे बाळा, तसं नको लिहूस. ‘एक बहिरी बाई होती’ असं सुरू केलंस की वाचणारे लगेच चुकचुकायला लागतील, आणि मोठीला कुणी चुकचुकलेलं खपायचं नाही. खोड ते. हं. आता लिही, की खिळ्यांच्या कारखान्यात मोठी म्हणून एक बाई होती आणि तिथल्या झाडून सगळ्यांची सुखदुःखं तिच्यापाशी असायची. ऐकू येत नव्हतं ते येईल ओघानं.

मोठी हे काही तिचं खरं नाव नव्हे. खिळे निवडायच्या टेबलावर दोघी शेजारी-शेजारी बसायच्या. एक वयानं मोठी, एक लहान, म्हणून एक मोठी आणि एक धाकटी. बहिणी नव्हत्या, लांबच्या नात्यातल्याही नव्हत्या. पण एकीनं डबा उघडला की दुसरीचा हात आधी आत.

कारखान्यात एका बाजूनं तारेची भेंडोळी यायची. यंत्र ती तार ओढायचं, तोडायचं आणि धाडकन ठोका देऊन तिला डोकं काढायचं. झाला खिळा. मग ते खिळे एका मोठ्या फिरत्या पिंपात लाकडाच्या भुश्याबरोबर घोळवायचे, म्हणजे तेल निघून चकचकीत व्हायचे. आणि मग ते या दोघींच्या पुढ्यात. टेबलावर पत्रा ठोकलेला. त्यावर खिळे पसरायचे आणि वाकडे, बोथट, बिनडोक्याचे बाजूला काढायचे. पिंपावर जो माणूस होता, पिंपवाला म्हणायचो आम्ही त्याला, तो रोज एकदा तरी म्हणायचाच, “बिनडोके सगळे वेचून काढता म्हणता, मग आपला मुकादम कसा राहिला?” मुकादम पाठीशी उभा असला तरी म्हणायचा. आणि मुकादमाला ते ऐकूच जायचं नाही.

कारण तो आवाज. तो आवाज तुला सांगून कळायचा नाही. एक यंत्र ठोके घालायला लागलं तर भिंत हलते, आणि तिथं तर रांगच होती. कानाशी तोंड नेऊन ओरडलं तरी निम्मं हवेत. म्हणून सगळे ओठांवर बोलायचे. आवाज काढायचाच नाही, नुसते ओठ हलवायचे, जरा ऐसपैस. नव्यानं आलेल्या माणसाला वाटायचं ही सगळी माशांसारखी तोंडं काय करताहेत. आठवडाभरात तोही मासा व्हायचा.

आणि मोठी त्यात पटाईत. या टोकाला बसून त्या टोकाच्या पिंपवाल्याचा विनोद तिला आधी कळायचा, आणि शेजारच्यांच्या आधी ती हसून मोकळी व्हायची. तिचे कान त्या आवाजानं वर्षानुवर्षं झिजत गेले, पण तिला त्याचा पत्ताच लागला नाही. कसा लागणार? कारखान्यात तर कुणालाच काही ऐकू येत नव्हतं. एक दिवस घरी नवरा समोर येऊन म्हणाला, “अगं, दार मघापासून वाजतंय, तू शेजारी बसून उघडत का नाहीस?” तेव्हा तिला कळलं. नवरा दारं-खिडक्या रंगवायचा. तसा मुखदुर्बळ माणूस. पण त्या दिवसापासून तिच्याशी बोलताना एवढे ओठ ताणायचा की मोठी म्हणायची, “अहो, बोला, रंग नका देऊ.”

तर अशी ती. लोक तिला सगळं सांगायचे. कुणाची सून रुसली, कुणाला जागा सोडायला सांगितली, कुणाच्या छातीत दुखतं. तिच्यासमोर उभं राहून ओठ हलवले की झालं, शेजारच्यालाही कळायचं नाही आणि तिच्या पोटातून बाहेर यायचं नाही. सांगून झालं की माणूस हलका होऊन कामाला लागायचा.

मग ती साथ आली. तू तेव्हा रांगत होतास. सगळं बंद झालं, कारखानाही बंद. पुढं जरा ओसरल्यावर उघडला, पण नियम घालून. टेबलं लांब केली, एकाच टेबलावरच्यांनाही अंतर ठेवून बसवलं, दाराशी साबण आणि बादली ठेवली, आणि तोंडाला मास्क. पिंपवाला म्हणाला, “गुरांना मुसकं घालतात ते पिकात तोंड घालू नये म्हणून. इथं काय, मी खिळे खाणार आहे?” पण घातलं त्यानं. सगळ्यांनीच घातलं.

आणि मोठीसाठी सगळी दारं एकदम लागली रे. तिनं नजर वर करावी तर समोर नुसते डोळे. कोण हसतंय, कोण कुरकुरतंय, कोण काय म्हणतंय, काही नाही. पहिल्या दिवशी तिला वाटलं, आपल्यावर सगळे रागावले की काय. दुपारपर्यंत ती खाली मान घालून वाकडे खिळे काढत राहिली, आणि तिच्याकडून चांगले खिळेही वाकड्यांत गेले. असं कधी झालं नव्हतं.

धाकटीला ते दिसलं. तिला राहवेना. ती उठली, टेबलाला वळसा घालून आली, मोठीच्या तोंडासमोर तोंड आणलं आणि मास्क खाली ओढून म्हणाली, “चहा घेतलास का?”

एवढंच. पण मोठीच्या डोळ्यांत पाणी आलं. “घेते की,” ती म्हणाली. धाकटीनं मास्क वर केला आणि जागेवर गेली. कितीसा वेळ लागला त्याला? मास्क काढलाय असं कुणाला वाटलंच नाही. दार किलकिलं करून आत डोकावावं, तसं.

आणि मग ती रीतच पडली. मोठीशी बोलायचं तर जवळ जायचं, मास्क खाली करायचा, बोलायचं, वर करायचा. जवळ जावंच लागे, तिथला उजेड बेताचा आणि तिची नजरही आता पूर्वीची नव्हती. दिवसातून सगळ्यांचीच एक खेप तिच्याकडे व्हायची. उलट घरात बसून बसून मनात साठलेलं जास्त होतं, त्यामुळे खेपाही जास्त. बाकी नियम सगळे अगदी काटेकोर पाळायचे हं. हात धुवून धुवून बोटांची सालं निघाली होती. आणि तिच्यासाठी मास्क खाली करायचा ही माया होती, त्यात नियम मोडला असं कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं.

काही दिवसांनी पिंपवाला आजारी पडला. त्याच्या मागोमाग तारेच्या यंत्रावरचे दोघं, आणि खोकी भरणारी एक. कारखाना बंद. सगळं पुसलं, धुतलं, पुन्हा उघडला. पुन्हा थोडे दिवस बरे गेले आणि पुन्हा चार-पाच जण अंथरुणाला. पुन्हा बंद. मुकादमाचं डोकं चालेनासं झालं. त्यानं खिळे वाहायच्या पाट्यांच्या कड्या बदलल्या, नळ बदलला, पायानं दाबायचा बसवला. पिंपवाला बरा होऊन आला होता, पण जिना चढताना मध्येच बसायचा. तो म्हणाला, “आता एक खिळ्यांनाच साबण लावायचा राहिलाय, तोही लावा.” मुकादम म्हणाला, “लावू का?” म्हणजे बघ, विचारतच होता बिचारा खरोखर.

रस्त्यात लोक आम्हाला बघून पलीकडे व्हायचे. दुकानात गेलं की कुजबुज, खिळेवाले आले, सरका. राग यायचा. पण त्यांचं तरी काय चुकत होतं? आमच्याकडून ते दुखणं आमच्या घरी, घरून शेजारी, असं फिरतच होतं. खोकी भरणाऱ्या बाईची आई गेली त्यात. ती कारखान्याची पायरीही कधी चढली नव्हती.

तिसऱ्यांदा उघडला आणि धाकटी पडली. तिला दवाखान्यात नेलं, नळ्या लावल्या. भेटायला कुणाला सोडत नव्हते. मोठी रोज कामावर यायची, शेजारच्या रिकाम्या जागेसमोर खिळे पसरायची आणि निवडायची, धाकटीच्या वाटचेसुद्धा.

त्या दिवसांत तिला आणखी एक गोष्ट जाणवायला लागली. जेवणाच्या सुट्टीत सगळे कोपऱ्यात घोळका करायचे. मास्क वर असायचे, पण माना हलत होत्या, हात हलत होते. ती जवळ गेली की माना थांबायच्या. इतक्या वर्षांत कुणी तिच्यापासून काही लपवलं नव्हतं. लपवायला जमतच नसे, ओठ उघडे असायचे ना. आता कापडामागं सगळं चाललं होतं आणि ती बाहेर. तिनं घरी नवऱ्याला सांगितलं, “मला वाटतं, माझ्याबद्दल बोलतात.”

बोलत होतेच. पण ती समजली तसं नव्हे. कुणाच्या तरी डोक्यात प्रकाश पडला होता, की जे जे पडले ते सगळे मोठीशी बोलून आलेले होते. आणि मग ठरलं, की आरोग्य खात्याची बाई चौकशीला आली तर हे सांगायचं नाही. कारण सांगितलं तर मोठीला काढतील. या वयात, कान गेलेली, तिला दुसरीकडे कोण घेणार? धाकटीला दवाखान्यात नेत होते तेव्हासुद्धा तिनं पिंपवाल्याला धाप लागत लागत सांगितलं होतं, “तिचं नाव घ्यायचं नाही.” सगळ्यांनी मिळून पांघरूण घातलं, आणि तेही मायेनंच.

मग आरोग्यवाली बाई मोठीच्या घरी आली.

गल्लीतच घर, दार सरळ रस्त्यावर उघडणारं. बाई तरुण होती, उन्हानं रापलेली, दमलेली. ती पायरीखाली थांबली, आत आली नाही. काहीतरी बोलली. मोठी म्हणाली, “मला ऐकू येत नाही बाई. जरा तोंडावरचं खाली करा म्हणजे कळेल.”

बाईनं मान हलवून नाही म्हटलं. मोठीला वाटलं, समजलं नसेल. तिनं स्वतःच्या हनुवटीला हात लावून दाखवलं, असं खाली. बाईनं पुन्हा मान हलवली. आणि मग हातातली पिशवी पायरीवर ठेवली आणि ती रस्त्यात उभी राहून नाटकच करायला लागली. आधी खोकली, खोटं खोटं. मग कपाळाला हात लावून डोळे फिरवले, म्हणजे ताप. मग गालाखाली हात घेऊन मान कलती केली, म्हणजे अंथरूण. मग भुवया उंचावून दोन्ही हात पसरले, म्हणजे कुणाकुणाला? मग दोन बोटं एकमेकांजवळ आणली, अगदी चिकटवली, आणि पुन्हा भुवया. जवळ कोण होतं?

समोरच्या घरातली पोरं खिडकीत जमली, त्यांना फुकटचा तमाशा. पण मोठी हसली नाही. तिला सगळं कळत होतं. मास्क जागच्या जागी होता, बाई चार हात लांब होती, आणि तिला शब्दन् शब्द कळत होता.

आणि ती दोन चिकटलेली बोटं तिच्या डोळ्यांसमोरून हलेनात. कोण जवळ होतं? पिंपवाला आला होता, गुडघ्याचं सांगायला. तारेवरचा आला होता, लेकीचं जमतंय म्हणून. खोकी भरणारी तर आईच्या औषधांचं रोज सांगायची, रडायची. धाकटी सकाळ-दुपार-संध्याकाळ. ते एकमेकांजवळ कधी गेले नव्हते. सगळे तिच्याजवळ आले होते. आणि तिला स्वतःला दोन दिवस घसा धरला होता मध्यंतरी, तो तिनं मिठाच्या पाण्यानं घालवला होता.

नवरा मागून आला. त्याला सगळ्यांचं ठरलेलं कळलं होतं, पिंपवाल्यानं सांगितलं होतं. त्यानं तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि ओठांवर बोट ठेवलं. गप्प राहा.

तिनं त्याच्याकडे बघितलं आणि तिला कळलं, की कोपऱ्यातला घोळका कशासाठी होता. म्हणजे तिला टाकली नव्हती, झाकली होती. एक मिनिट तिला इतकं बरं वाटलं, म्हणाली नंतर मला, की तिथंच खाली बसावं आणि काही बोलूच नये. सांगितलं तर काय होणार हे तिला दिसत होतं. उद्यापासून कुणी जवळ येणार नाही. ओठ दिसणार नाहीत. आणि ओठ नाहीत म्हणजे तिला माणसंच नाहीत. उरलेलं आयुष्य असंच, काचेपलीकडून बघत.

पण त्या खोकी भरणाऱ्या बाईच्या आईला तिनं कधी पाहिलं नव्हतं, आणि औषधाची वेळ मात्र तिला पाठ होती.

“माझ्याजवळ सगळे येतात,” ती म्हणाली. “माझ्याशी बोलायला मास्क काढतात. मीच काढायला लावते म्हणा. जे जे आजारी पडले ते माझ्या तोंडासमोर उभे होते. लिहून घ्या.”

आता बहिऱ्या माणसाला आपला आवाज किती मोठा ते कळत नाही. आख्ख्या गल्लीनं ऐकलं. पलीकडच्या गल्लीनंही ऐकलं असेल. नवऱ्यानं कपाळाला हात लावला. खिडकीतली पोरं आत पळाली.

आरोग्यवाल्या बाईनं ते सगळं लिहून घेतलं. मग तिनं छातीवर हात ठेवला आणि मान खाली वाकवली. ओरडली नाही, बोट रोखलं नाही. मग मोठीला खुणेनं विचारलं, आता सध्या कोण-कोण येतं? मोठीनं सांगितलं. त्या सगळ्यांना त्याच दिवशी तपासलं. त्यांत तिघांना लागण निघाली, नुसतं अंग कसकसत होतं त्यांचं. ते घरीच एका खोलीत राहिले, आणि त्यांच्यापासून पुढं कुणाला गेलं नाही.

कारखाना काही दिवस बंद ठेवून पुन्हा उघडला तेव्हा मुकादम मोठीच्या घरी निरोप घेऊन आला. तिच्या नवऱ्याशी बोलला, की बाईंना म्हणावं, साथ जाईपर्यंत घरी बसा, जागा तुमचीच. चांगल्या मनानं म्हणाला. मोठी म्हणाली, “मी येणार. माझ्यापुरती काळजी मी घेते.”

पहिल्याच दिवशी पिंपवाला तिच्या टेबलाकडे आला. सवयीनं हात हनुवटीकडे गेला, मास्क खाली आला. आणि मोठीनं डोळे घट्ट मिटून घेतले. लहान मूल औषधाला मिटतं ना, तसे. तो उभाच. बोलून-बोलून थकला असेल, पण ही डोळे उघडायला तयार नाही. बोलायचं कुणाशी, भिंतीशी? त्यानं मास्क वर केला आणि गेला. मग दुसरा आला, तिसरी आली. सगळ्यांना तेच. मास्क खाली, की डोळे बंद. कुणी चिडलं, कुणी हसलं. तारेवरचा म्हणाला, “बाई शहाणी झाली, माणसं नकोशी झाली तिला.” तिला ते कळलं नाही, डोळे मिटलेले होते, पण आम्हाला लागलं.

ती मिटल्या डोळ्यांआड काय बघत होती ते तिलाच ठाऊक. घरी जाऊन नवऱ्यासमोर मात्र रडायची.

मग हळूहळू हात बोलायला लागले. बोट वाकवलं की वाकडा खिळा, म्हणजे काहीतरी बिनसलंय. दोन्ही हात पोटावर, भूक. कपाळावर आडवा तळवा, मुकादम येतोय. पिंपवाल्यानं तर हातांनी विनोद सांगायचा हट्ट धरला. लांब उभा राहून काय काय करायचा, कुणाला काही कळायचं नाही, शेवटी तो स्वतःच हसत सुटायचा आणि मोठी त्याचं हसणं बघून हसायची. मास्कच्या वर डोळेसुद्धा हसतात, हे आम्हाला तेव्हा दिसलं. पण गुडघ्याचं, लेकीचं, आतल्या गाठीचं बोलणं हातांनी कुठलं यायला. ते तसंच राहिलं ज्याच्या त्याच्यापाशी.

आणि एक दिवस धाकटी आली. वाळून काडी झालेली, पण आली. जेवणाची सुट्टी होती, यंत्रं थांबलेली. तिला हे डोळे मिटण्याचं वगैरे काही ठाऊक नव्हतं. दवाखान्यात पडल्या-पडल्या तिनं किती काय साठवलं असेल मोठीला सांगायला. ती थेट टेबलाशी आली आणि मास्क खाली ओढला.

मोठीला तिचे ओठ दिसले. निमिषभर दिसले. फाटलेले, सुकलेले. पहिला शब्द फुटतच होता.

तिनं डोळे मिटले.

सगळे बघत होते. पिंपवाला हातानं धाकटीला सांगत होता काहीतरी, पण तिचं लक्षच नव्हतं. ती मोठीकडे बघत राहिली, चेहरा असा, की कुणी मारलं असतं तरी एवढा पडला नसता. मोठीचे तळवे टेबलाच्या पत्र्यावर टेकलेले, बोटं पांढरी पडलेली इतकी दाबून. पापण्यांतून पाणी येत होतं पण पापण्या उघडत नव्हत्या. मग पिंपवाला मोठ्यानं म्हणाला, “अगं, तुझ्यासाठीच मिटलेत तिनं. मास्क वर कर.”

धाकटीनं मास्क वर केला. पण ते मोठीला कसं कळावं? हाक मारून उपयोग नाही. हात लावायचा नाही. ती आपल्या जुन्या जागेवर गेली, बसली, आणि मूठ वळून पत्र्यावर ठोकली. एकदा. आणि मग आणखी एकदा.

यंत्रं बंद होती म्हणून बरं. ते दोन ठोके पत्र्यातून सरळ मोठीच्या तळव्यांत गेले. तिनं डोळे उघडले. शेजारच्या जागेवर धाकटी बसली होती, मास्क नाकापर्यंत, आणि वर ते दोन डोळे.

मोठीनंही मूठ वळली आणि दोन ठोके दिले.

मग कितीतरी वेळ त्या दोघी तशाच, लांब-लांब बसून पत्रा वाजवत होत्या. काय बोलल्या विचारशील तर काही नाही. मी आहे. मीही आहे. एवढंच असेल. मुकादम आत आला आणि म्हणाला, “हे काय चाललंय?” पिंपवाला म्हणाला, “चहा घेतलास का, विचारताहेत.”

त्यानंतर तो कारखाना पुन्हा तसा बंद पडला नाही. एखाददुसरा आजारी पडायचा, पडणारच, पण एकाचे चार झाले नाहीत. साथ गेली, मास्क गेले. ओठ परत आले तेव्हा लोक मोठीकडे रांग लावून उभे राहिले, साठलेलं सगळं घेऊन. तरी कामावर आल्या-आल्या धाकटीचे आधी दोन ठोके, मग बोलणं. ती सवय राहिलीच.

हे शेवटचं नीट लिही बाळा. धाकटी आता लेकीकडे राहायला गेली आहे, लांब. पत्ता कुणापाशी नाही. तेव्हा हे वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या शेजारात एखादी म्हातारी बसल्या-बसल्या टेबलावर दोन ठोके देत असेल, तर तिला एवढं सांगा, की मोठी बरी आहे, आणि अजून जेवायला बसली की आधी दोन्ही तळवे टेबलावर ठेवून थोडी थांबते.